हिरवा अंगठा

१

हार्लन झिंडा मेला तेव्हा त्याच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह बंद होता. नुसता बंद नव्हे, त्याला कुलूप घातलेलं होतं, आणि कुलपाची किल्ली त्याच्या मेव्हण्याच्या खिशात होती. सगळा घोळ तिथेच होता.

मी बर्नी कुलास. एल्क मार्श गावात माझं मयताचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं, आता माझं. विस्कॉन्सिनच्या आमच्या या जिल्ह्यात कॉरोनर लोकांनी निवडून द्यायचा असतो, म्हणजे कोण कशाने मेला हे कागदावर ठरवणारा माणूस. माझ्याविरुद्ध कुणी उभंच राहत नाही, म्हणून ते कामही माझ्याच गळ्यात. लोक म्हणतात, बर्नी मेलेल्याला आंघोळ घालते आणि घालता घालता त्याची उलटतपासणीही घेते.

शेतकऱ्यांच्या सहकारी चीज फॅक्टरीत थंडावा टिकवायला अमोनिया खेळवतात. त्या दिवशी नळातली गाळणी साफ करायची होती. हार्लनचा मेव्हणा डेल पेप्लिन्स्की याने वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, कुलूप लावायचं आणि मग हार्लनने खाली झाकण उघडायचं, अशी त्या दोघांची वर्षानुवर्षांची पद्धत. झाकण उघडलं आणि अमोनिया भस्सकन तोंडावर आला. डेल बाहेर पळाला, हार्लन येत नाही बघून परत आत घुसला. अग्निशमनवाल्यांना तो दाराशी पडलेला सापडला. हार्लन संपला होता.

फायर चीफने माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवली. आत कापलेलं कुलूप आणि व्हॉल्व्हचं हँडल.

"आम्ही आत गेलो तेव्हा हँडल आडवं होतं, म्हणजे बंद. त्यावर डेलचं कुलूप. शेरीफ म्हणाला, पुरावा आहे, काढून घ्या."

"आणि अमोनिया थांबला कधी?"

"टाकीचा मोठा व्हॉल्व्ह आम्ही फिरवला तेव्हा. तोवर नुसता फुसफुसत होता गं."

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसलाच प्रकार.

हँडलवर हिरव्या रंगातला अंगठ्याचा ठसा होता. ओस्टरडाल कंपनीचा. त्यांच्या कारखान्यात व्हॉल्व्ह दाबाखाली तपासून झाला की तपासणारा माणूस आपला अंगठा रंगात बुडवून हँडलवर उमटवायचा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही तो ठसा ठाऊक. या ठशात मधूनच एक तिरकी कोरी रेघ गेली होती. रंग धरला नसेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिकागोहून विमा कंपनीचे प्रेंटिस आले. गुळगुळीत दाढी आणि गुळगुळीत बोलणं. पिशवी उचलून बघितली, हसले आणि म्हणाले, "बाई, हे कुलूप माणूस मेल्यानंतर लावलंय."

२

प्रेंटिसांचं गणित सरळ होतं. व्हॉल्व्ह बंद असता तर अमोनिया आला नसता. अमोनिया आला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा होता. डेल बंद करायचा विसरला, हार्लन कोसळला, आणि डेल परत आत गेला तो मेव्हण्याला काढायला नव्हे, आपली चूक झाकायला.

"म्हणजे तुम्हाला पैसे द्यायला नकोत," मी म्हटलं. "सुंठीवाचून खोकला गेला."

"मी फक्त तर्क मांडतोय."

मी "डेलची बेपर्वाई" असं लिहिलं की सरकारी वकील त्याला तुरुंगात घालणार. आणि तुरुंगाआधीची शिक्षा सुरू झालीच होती. हार्लनची बायको व्हर्ना म्हणजे डेलची सख्खी बहीण. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. मी तिच्याकडे गेले तर दार अर्धंच उघडलं.

"त्याचं नाव या घरात काढायचं असेल तर तशीच परत फिर."

"व्हर्ना, अजून काही ठरलेलं नाही."

"तू कागदावर काय लिहायचं ते लिही. माझा नवरा त्याच्या हातावर भरवसा ठेवून वाकला होता."

डेल हॉस्पिटलमधून घरी आला होता. आवाज पार बसलेला, डोळे लाल. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता. दाराशी दोन नारिंगी जॅकेटं टांगलेली होती, त्यातलं एक हार्लनचं.

"बंद केला होतास का रे?"

"केला."

"नक्की?"

"बर्नी, रोज करतो म्हणून केल्यासारखं वाटतंय की खरंच केला? रात्रंदिवस हात फिरवून बघतोय. आता हाताचाही भरवसा वाटेना."

"मागे अजून एक व्हॉल्व्ह आहे. नियमाप्रमाणे दोन्ही बंद करायचे. तो का उघडा ठेवलास?"

डेलने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की रविवारी चर्चला का गेलास.

"पुढच्यावर अंगठा होता ना."

हे फक्त आमच्या भागातच घडू शकतं. बाहेरचा मिस्त्री दोन्ही व्हॉल्व्ह बंद करेल. आमच्याकडे ओस्टरडालचा अंगठा असला की तोच दुसरा व्हॉल्व्ह. बापाने पोराला हेच शिकवलं, आणि तीन पिढ्यांत कुणाचं नख दुखलं नाही.

"तो व्हॉल्व्ह उघडून बघू," मी म्हटलं. "आतून काय दिसतंय ते."

फॅक्टरीत फोन केला. मॅनेजर कर्ट हाफेमन पलीकडे खाकरला. "बर्नी, तो व्हॉल्व्ह नाहीये आता इथे."

३

"नाहीये म्हणजे?"

कर्ट मला कोठीकडे घेऊन निघाला. चांगला माणूस, पण सहा महिन्यांत सहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"किप ओस्टरडाल आला होता. म्हणाला, नवा लावून देतो, फुकट, जुना घेऊन जातो. मी म्हटलं, ने बाबा. नळ उघडा टाकून मी फॅक्टरी सुरू कशी करू? शेतकऱ्यांच्या गाई थांबतात का चौकशीसाठी?"

किप म्हणजे कारखाना काढणाऱ्या म्हाताऱ्या ओस्टरडालचा नातू. चार वर्षांपूर्वी घरच्यांनी कारखाना न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक फंडाला विकला. हे फंडवाले दुसऱ्यांच्या पैशाने कारखाने घेतात, कर्जाचा बोजा कारखान्याच्याच पाठीवर टाकतात, पिळून घेतात आणि चोथा पुढच्याला विकतात. किपला त्यांनी विक्रीवर ठेवला. आडनावाचा तेवढाच उपयोग.

"गावात ऐकलं, तो अपघाताच्या सकाळीही इथे होता," मी म्हटलं.

"पेस्ट्री घेऊन आलेला. नेहमी येतो. हल्ली पेस्ट्रीच काय ती वेळेवर येते."

"म्हणजे?"

कर्ट एकदम पेटला. "आधी एक फोन केला की त्यांचा माणूस ट्रक घेऊन दारात. आता फोनवर रेकॉर्ड केलेली बाई बोलते, एक दाबा, दोन दाबा. साध्या वॉशरला तीन महिने. भाव दीडपट. एकदा वैतागून म्हटलं, दुसऱ्याकडून घेतो. दुसरीकडे फोन लावला, तिथेही तीच बाई! तिसरीकडे लावला, पुन्हा तीच! राज्यातल्या तिन्ही व्हॉल्व्ह कंपन्या त्याच फंडाने घेतल्यात. जाऊ कुठे? मासळीबाजारात?"

"तू काटकसर केलीस का, कर्ट? देखभालीत?"

तो खाली बघू लागला. "केली. गाळणी महिन्याने साफ करायची ती दोन महिन्यांनी केली. त्यांचे भाव भरायला कुठून तरी कापायलाच लागतं. पण हार्लनला मी नाही मारला, बर्नी."

कोठीत फळीवर ओस्टरडालचे नवे व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या हँडलवर हिरवा अंगठा. मी उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. माणसांच्या घोळक्यात कुणाचीच पापणी लवत नसेल तर जसं वाटेल तसं वाटलं.

किपला फोन केला. "तो व्हॉल्व्ह ना? भंगारात गेला हो, बर्नीबाई," तो म्हणाला, आणि मी अजून काही विचारलं नसताना पुढे म्हणाला, "मला खरंच माहीत नाही."

४

शुक्रवारी आमच्याकडे कुणी घरी जेवत नाही. तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, राय धान्याचा पाव आणि ब्रँडी. मीही दारूगुत्त्यात जाऊन बसले. मालकीण डोरीन पिंपातून बिअर काढत होती. नळाला दांडी म्हणून तिने ओस्टरडालची जुनी हँडलं बसवली आहेत, तिच्या सासऱ्याच्या काळापासून.

"बिचारा डेल," ती म्हणाली. "परवा आला होता. कुणी शेजारी बसेना. त्याने माशाला हातसुद्धा लावला नाही."

"तुला काय वाटतं? विसरला असेल?"

"सगळे म्हणतात विसरला. व्हॉल्व्ह तर खोटं बोलत नाही ना गं, ओस्टरडालचा." तिने एका हँडलवर बोट टेकवलं. "हा बघ, हा माझ्या मामाचा अंगठा. केवढा रुंद! हा स्टॅन्लीचा, त्याचा नेहमी फरकटायचा. शुक्रवारी दुपारी तर हमखास, घाईत असायचा. आणि हा..."

माझा काटा हवेतच थांबला.

फरकटायचा! माणूस अंगठा उमटवतो तेव्हा एक ठसा दुसऱ्यासारखा कधी येत नाही. कधी रंग जास्त, कधी कमी, कधी वाकडा. कर्टच्या कोठीतले सगळे ठसे एकाच जागी होते, एकाच कोनात. आणि प्रत्येकात ती तिरकी कोरी रेघ होती. माझ्या पिशवीतल्या हँडलवर होती तीच.

"डोरीन, तिरकी रेघ कुणाच्या अंगठ्यावर होती? मक्याच्या यंत्रात कापल्यासारखी?"

"अगं, एल्रॉयच्या. एल्रॉय डोम्काच्या. विसरलीस का?"

कशी विसरणार? एल्रॉयचे हात मी स्वतः जुळवले होते. जपमाळ गुंडाळताना तो व्रण माझ्या बोटांना लागला होता. त्याला मी तीन ख्रिसमसांपूर्वी पुरला.

मी दुकानात जाऊन पिशवी उघडली, हँडल उलटं केलं. मागे कारखान्याने ठोकलेलं साल होतं: गेल्या वर्षीचं. मेलेला माणूस व्हॉल्व्ह तपासत होता.

५

किपच्या गॅरेजात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचं लाकडी खोपटं ठेवलेलं होतं. मी काही न बोलता हँडल त्याच्यापुढे धरलं.

"हा अंगठा कुणाचा, किप?"

तो खाली बसला. चाळिशीचा बाप्या, पण आजोबा रागावल्यावर बसायचा तसा.

"एल्रॉय रिटायर झाला तेव्हा केक कापला होता. त्याच्या अंगठ्याचा ठसा कागदावर मीच घेतला. आठवण म्हणून, बर्नी, शपथेवर सांगतो! न्यूयॉर्कहून एक मुलगी आली होती, हुशार, माझ्या भाचीच्या वयाची. तिने विचारलं, या ठशाचं गिऱ्हाइकांना एवढं काय? मी म्हटलं, ठसा असला की ते बिनघोर झोपतात. ती म्हणाली, मग छापून टाका की."

"आणि तपासणी?"

"तपासायचं यंत्र विकलं. तपासणाऱ्यांना घरी बसवलं. कारखान्याची इमारतही विकली आणि तिथेच भाड्याने राहिलो. आतले भाग बाहेरून येतात, सर्वांत स्वस्त जो देईल त्याच्याकडून. अंगठा तेवढा आमचा."

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"कागद गिरणीत एकदा असंच झालं. तिथे कुणी मेलं नाही. मी वर कळवलं. वरून उत्तर आलं, ही तिमाही जाऊ दे."

"व्हॉल्व्ह कुठाय?"

तो उठला आणि खोपट्यातून गोणपाटात गुंडाळलेलं धूड घेऊन आला. "तळ्यात टाकणार होतो. दोनदा गेलो काठावर. त्यावर आजोबांचं नाव कोरलंय गं."

दुसऱ्या दिवशी कर्ट, डेल आणि प्रेंटिस यांना फॅक्टरीच्या कार्यशाळेत बोलावलं. किपने व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला.

"प्रेंटिससाहेब," मी म्हटलं, "तुमच्या म्हणण्याप्रमाणे डेलने व्हॉल्व्ह नंतर बंद केला. ठीक. मग त्याने बंद केल्यावर अमोनिया थांबायला हवा होता."

"अर्थात."

"नाही थांबला. फायर चीफ आत गेला तेव्हा कुलूप लागलेलं होतं आणि अमोनिया येतच होता. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला तेव्हाच तो थांबला. म्हणजे कुलूप आधी लावलं की नंतर, हा प्रश्नच फालतू आहे. त्या कुलपाखाली व्हॉल्व्ह उघडा होता. हे चीफने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याने सांगितलं, मी ऐकलं, तुमच्याही कानावर गेलं, आणि कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. कारण ओस्टरडालचा व्हॉल्व्ह खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. म्हणून आपण माणूस धरला. चोर सोडून संन्याशाला सुळी."

डेलने स्वतःच व्हॉल्व्ह उघडला. आत एक भोकाचा गोळा असतो. हँडलचा दांडा त्या गोळ्याला फिरवतो. भोक आडवं झालं की वाट बंद. दांड्याचं टोक गोळ्याच्या खाचेत मोडून पडलं होतं. आतला धातू राखाडी आणि भुसभुशीत. एकदा दाबाखाली तपासला असता तर तिथेच मोडला असता. वर हँडल फिरलं, कुलूप लागलं, आणि खाली गोळा जागचा हललाच नाही.

डेल त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग त्याने आपला उजवा हात डोळ्यांपुढे धरला.

"मी बंद केला होता," तो म्हणाला. "कर्ट, मी बंद केला होता रे." आणि त्या हातात तोंड लपवून तो ओक्साबोक्शी रडला. प्रेंटिस खिडकीबाहेर बघत होते.

६

मी निकाल लिहिला. मृत्यू सदोष व्हॉल्व्हमुळे, डेल पेप्लिन्स्कीची चूक नाही. किपने शपथेवर सगळं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी त्याची नोकरी गेली.

सुनावणीला फंडाचे वकील आले होते. अतिशय नम्र माणूस. मला वाटलं होतं, ते भांडतील. ते कशालाच नाही म्हणेनात.

"हा व्हॉल्व्ह ज्या कंपनीने बनवला, मॅडम, ती मागच्या वसंतात दिवाळखोरीत निघाली. तिचं नाव आणि अंगठ्याचं चिन्ह दुसऱ्या कंपनीने विकत घेतलंय."

"आणि ती दुसरी कुणाची?"

"त्याच गुंतवणूकदारांची. पण कायद्याने निराळी."

"मग हार्लनला मारलं कुणी?"

ते खरोखर विचारात पडले. "तसं बघितलं तर कुणीच नाही," ते म्हणाले, आणि मला दार उघडून धरलं.

मला तेव्हा जे वाटलं त्याला राग म्हणवत नाही. रागाला समोर माणूस लागतो. मी गाडीत जाऊन नुसती बसून राहिले.

हरणांचा हंगाम संपला तरी फॅक्टरी बंदच होती. किपने बसवलेला आणि कोठीतला एकही व्हॉल्व्ह वापरायचा नाही म्हणून मी सही केली होती. शेतकरी टाक्यांतलं दूध बर्फावर ओतत होते. पांढऱ्यावर पांढरं, दिसायचंही नाही. माझ्या सहीमुळे कुणाकुणाच्या गाई विकल्या गेल्या, ते लोक मला रस्त्यात भेटतात आणि टोपी काढतात, हे जास्त लागतं. शेवटी कर्टने नवे व्हॉल्व्ह मागवले. कुणाकडून मागवणार? दुसऱ्या कंपनीच्या नावाचं खोकं आलं. आत तेच व्हॉल्व्ह, आणि प्रत्येकावर एल्रॉय. कागदावर कंपनी निराळी, म्हणून माझी सही त्यांना लागू नव्हती.

मी गेले तेव्हा डेल कार्यशाळेत तारेचा ब्रश घेऊन बसला होता. हँडलवरचा हिरवा रंग खरवडत होता.

"काय चाललंय?"

"सुट्टी देतोय त्याला," डेल म्हणाला. "मेल्यावर तरी माणसाला कामाला लावू नये."

दार वाजलं. व्हर्ना होती, हार्लनच्या जाड कोटात. तिच्या हातात जेवणाचा डबा. पूर्वी दोन आणायची. तिने तो डेलच्या शेजारी ठेवला आणि उभीच राहिली.

"निकाल वाचलास ना?" त्याने मान वर न करता विचारलं.

"वाचला."

"मग अजून रागावली आहेस?"

"तुझ्यावर कशी रागावू आता? तेच तर." तिचा आवाज कोरडा होता. "इतके दिवस तुला शिव्या घालत पडायचे. झोप तरी लागायची. आता कुणाचं तोंड डोळ्यापुढे आणू, सांग. बर्नी, तू माझ्याकडून तेवढंही काढून घेतलंस."

मेलेल्यांच्या घरच्यांना काय बोलायचं ते मी वडिलांकडून शिकले, पण असलं काही त्यांनाही कुणी विचारलं नसेल.

तिने एक व्हॉल्व्ह उचलून बघितला. "हे घासून काय होणार? आतला गोळा तोच ना?"

"तोच."

"दांडा?"

"तोच."

"मग?"

"मग काय. उद्या बसवायचेत," डेल म्हणाला. "दोन्ही बंद करीन. तिसरा असला तर तोही करीन."

"आणि तिन्ही असलेच निघाले तर?"

डेलने ब्रश चालूच ठेवला. व्हर्नाने कोटाच्या बाह्या वर केल्या, त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि दुसरा ब्रश उचलला.